अण्णांचा राखीव खिळा

नील, रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, मी अठराचा झालो. आता लेझर करून चष्मा काढून टाकू ना?" आणि उत्तर द्यायचं सोडून मी हसतच सुटले. तुझ्या आईला वाटलं, मला ठसका लागला. ठसका नव्हता, अण्णा आठवले होते. स्टुलावर चढलेले, ओठांत दोन खिळे, हातात हातोडी, आणि खाली पेढ्यांसाठी लागलेली रांग. हे सगळं फोनवर सांगणं शक्य नव्हतं. म्हणून लिहिते आहे. तुझ्या बहिणीला, अनयालाही वाचून दाखव.

क्रमाने लिहायचं ठरवून मी वहीत समाससुद्धा आखला. पण अण्णा क्रमात बसणारे गृहस्थ नव्हते, तेव्हा आठवेल तसं सांगते.

राजारामपुरीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मूळचे कुरुंदवाडचे, जैन. घरची शेती भावांनी ठेवली आणि हे भिंगं घासायला कोल्हापुरात आले. स्वतःच्या डोळ्यांवर उणे अकराची जाड काच. ती पुसायला काढली की मोठ्याने ओरडून बोलायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चष्मा काढला की मला ऐकू येत न्हाई, बाई."

दुकानात अक्षरांचा तक्ता नव्हता. पूर्वी होता. पण भरतीला जाणाऱ्या पोरांनी तो पाठ केला हे कळल्यावर त्यांनी तो काढून टाकला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला खुर्ची रस्त्याकडे फिरवून बसवायचे आणि समोरच्या पाट्या वाचायला लावायचे. "शिवणक्लासच्या बोर्डाखालची बारीक ओळ वाचा. आता त्या येणाऱ्या बसचा नंबर सांगा. लवकर, बस थांबत न्हाई!" तपासून झालं की नंबर साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा पुकारायचे, फुटबॉलच्या गोलांसारखा. "डावा तीन, उजवा साडेतीन! उजवा लीडवर!" माझा नंबर अर्ध्या राजारामपुरीला पाठ होता.

फुटबॉल हे त्यांचं दुसरं दैवत. पेठेच्या संघांची मॅच असली की दुपारी तीनला दुकान बंद. दारावर पाटी, "डोळे मॅचला गेलेत."

आणि दारावरचं तोरण! आंब्याच्या पानांचं नव्हे, चष्म्यांचं. लेझर करून ज्यांचा चष्मा सुटला, त्यांनी आपला जुना चष्मा अण्णांना आणून द्यायचा. अण्णा तो चौकटीवर खिळा ठोकून लटकवणार, खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधणार. चिठ्ठीवर नाव, सुटलेला नंबर आणि सुटला तेव्हाचं वय. वाऱ्याने सगळे चष्मे किणकिणायचे. लोक म्हणायचे, "अण्णा, चष्मं इकतासा आणि चष्मं सोडवतासा. धंदा बुडंल की!" त्यावर अण्णा वर बोट करायचे. "ही माझी पास झालेली पोरं हायत. नापासांवर माझं पोट चालतं, तेवढं बास हाय."

त्यांचं स्वतःचं मात्र जमलं नव्हतं. लेझर आपल्या गावात आलं तेव्हा अण्णांनी पन्नाशी ओलांडली होती. डॉक्टरांनी सांगितलं, तुमचा नंबर फार मोठा, तो घालवायला बुबुळावरचा पारदर्शक पडदा जितका घासावा लागेल तितकी त्याची जाडी नाही. आणि घासला असता तरी या वयात वाचायला चष्मा लागणारच. अण्णा परत येऊन एवढंच म्हणाले, "यंत्र उशिरा आलं."

मलाही चौसष्टाव्या वर्षी हुक्की आली होती. अण्णांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना म्हणाले, "बाई, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदूची तयारी चाललीया. भिंगच गढूळ व्हायला लागल्यावर वरनं पडदा घासून काय करतासा? चार वर्षं दम काढा, आतलं भिंगच बदलून देतील, नंबरासकट." डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत.

आता एक जून.

तुम्हा दोघांचे जन्मदाखले इस्पितळाने दिलेले, त्यामुळे हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आमच्या पिढीत खेड्यातल्या जन्माची नोंद क्वचितच व्हायची. शाळेत नाव घालताना गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. धरता आला, की पोर सहा वर्षांचं. तारीख? एक जून. वर्ग भरेल इतक्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी! अण्णाही त्यातलेच. म्हणून दर एक जूनला ते कुरुंदवाडहून पेढे आणायचे आणि ज्यांची ज्यांची तारीख एक जून, त्यांचे डोळे फुकट तपासायचे. सकाळपासून रांग लागायची. फेटेवाले, टोपीवाले, निवृत्त कारकून, नऊवारीतल्या आज्या. "या, या! गुरुजींनी जन्माला घातलेली सगळी लेकरं या!" मी एकदा सहज पेढ्याला हात लावला, तर त्यांनी डबा मागे ओढला. "तुमाला न्हाई, बाई. तुमची तारीख खरी हाय."

अठरा वर्षं शेजारी राहून मला त्या डब्यातला एक पेढा मिळाला नव्हता.

आयेशाची गाठ मला शिकवणीमुळे पडली. शिवाजी पेठेतल्या मन्सूरभाईंची ही मुलगी. इथे फुटबॉलचे संघही तालमींचेच; त्या संघांचे कपडे मन्सूरभाई शिवतात. मुलगी लहानपणापासून त्या जर्सींच्या ढिगावर झोपलेली, मग फुटबॉल खेळणार नाही तर काय करणार? ती गोलकीपर झाली. माझ्याकडे इंग्रजीला यायची. इथल्या मुली 'मी जातो, मी खेळतो' असंच बोलतात, तेव्हा तिचं बोलणं वाचून हसू नका.

पोरगी वाघीण होती. पण डोळ्यांवर चष्मा, तोही इलॅस्टिकने डोक्यामागे बांधलेला. एकदा सरावात बॉल तोंडावर बसला, काच फुटली आणि भुवईवर तीन टाके पडले. त्यानंतर तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं, "चष्मा असंल तर गोलमध्ये उभी करणार न्हाई." डोळ्यांत घालायची लेन्स वापरून झाली होती. मैदानातल्या धुळीने डोळे लालबुंद झाले आणि डॉक्टरांनी ती बंद केली. उरलं लेझर. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या संघाची निवड होती. त्याआधी चष्मा सुटला तर आयेशा गोलमध्ये, नाही तर कायमची बाहेर.

अण्णा तिच्या खेळावर फिदा होते. त्यांनी तिला शब्द देऊन ठेवला होता, "अठरा पूर्ण झाली की ये. कार्ड देतो, डॉक्टरला फोन करतो, आणि तुजा चष्मा तोरणाच्या मधोमध!" कार्ड म्हणजे अण्णांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचा दर तपासणीचा नंबर लिहून ठेवलेला पुठ्ठा. दवाखान्यात तो आधी मागायचे.

आणि तो दिवस उजाडला. मी सकाळी दूध आणायला निघाले तर दुकानापुढे ही गर्दी. आयेशा नव्या जर्सीत, मन्सूरभाई इस्त्रीच्या सदऱ्यात, बरोबर तिची दादी. अण्णा स्टुलावर चढून चौकटीच्या मधोमध खिळा ठोकत होते. चिठ्ठीवर नावही लिहून झालं होतं. खाली रांगेतली म्हातारी मंडळी टाळ्या वाजवत होती.

"पोरगी अठराची झाली! पेढा द्या तिला!" अण्णा वरून ओरडले. कुणीतरी डबा पुढे केला. आयेशाने पेढा उचलला.

हातोडी थांबली.

अण्णांनी ओठांतला दुसरा खिळा काढला. रांगेकडे बघितलं. मग पेढ्याकडे. मग आयेशाकडे.

"तुजा वाढदिवस आज हाय?"

"आजच की, अण्णा. एक जून."

"पोरी, ह्या रांगेत समदी खोट्या तारखेची माणसं उभी हायत. तू हितं कशी?"

मी कपाळावर हात मारला, नील. माझ्यासमोर तिचे कागद कितीदा येऊन गेले होते. मी, जी किराण्याच्या यादीलाही तारीख घालते, मला हे दिसलं नव्हतं!

मन्सूरभाई गडबडीने म्हणाले, "कागदावर हाय अण्णा. शाळेचा दाखला हाय, आधार हाय."

"कागदाचं मला सांगू नगा. माज्या कागदावर मी आजच जन्मलोय. दादी, तुमी सांगा. पोर कवा झाली?"

दादी बिचारी सरळ बाई. "पुराच्या साली की. कुरुंदवाडला आमच्या माहेरच्या घरात पाणी शिरलं, सगळी शाळेत जाऊन राहिलो. तितंच झाली ही. पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी. पुढं चुलतभावाबरोबर शाळेला जायला लई रडायची, म्हणून मास्तरानं वय वाढवून घातलं."

अण्णा बोटांवर मोजायला लागले. पूर त्यांच्याही घरात शिरला होता, साल विसरणं शक्यच नव्हतं. स्टुलावरून ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. "अजून सतरा बी पुरी न्हाईत," ते म्हणाले.

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, रस्त्याकडे तोंड करून. पाट्या वाचून घेतल्या, काचा बदलून बघितल्या. त्या दिवशी मात्र नंबर पुकारला नाही. कार्डावर लिहिला आणि मला दाखवला. वर्षभरात एक पूर्ण नंबर चढला होता. वर्षभर कुणी तपासलाच नव्हता. फुटलेली काचही जुन्या कार्डावरूनच बदलली होती, म्हणून नंबर तोच असणार असं सगळे धरून चालले होते.

"नंबर पळतोय अजून," अण्णा म्हणाले. "पळत्या डोळ्यावर लेझर मारायचा नसतो. आज घासतील, बरोबर घासतील. पण दोन वर्सांत डोळा परत पुढं जाईल. घासलेला पडदा काय परत चिकटवता येतोय? थांब."

"किती?"

"नंबर उभा राहूस्तवर. वरीस, दोन वरीस, जास्त बी."

"आणि निवड?" आयेशा ओरडली. "तुमीच बोल्लासा अठरा! माज्याकडं अठराचा कागद हाय! मला कार्ड द्या, मी जातो दवाखान्यात!"

"देतो की. पण वर खरं वय लिहून देतो."

तिने पेढा काउंटरवर आपटला. "तुमाला जमलं न्हाई म्हणून मलाबी होऊ द्यायचं न्हाई!" आणि ती तरातरा निघून गेली.

अण्णांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. या वेळी ओरडले मात्र नाहीत. उरलेले पेढे तसेच डब्यात राहिले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. त्याच्या पुढच्या दिवशीही. दारावर पाटीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या दिवशी आयेशा माझ्याकडे आली. हातात दवाखान्याचा इंग्रजी फॉर्म. "बाई, एवढा भरून द्या." जन्मतारखेच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं. आयुष्यात मी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता, त्या दिवशी सोडला. म्हटलं, "चल, मीही येते. काय सांगायचं ते डॉक्टरांसमोर सांग."

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी रिकामा रकाना पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि वयाआधी जुने नंबर विचारले. आयेशाने मान खाली घातली. मग तिने स्वतःच सांगितलं, सगळं, पुरापासून. डॉक्टरांनी यंत्रांवर तपासणी केली आणि समजावलं, "अठरा म्हणजे फक्त फाटक आहे गं. आत आलीस तरी आम्ही बघतो, नंबर निदान वर्षभर जागचा हलला नाहीये ना, पडदा पुरेसा जाड आहे ना, डोळे कोरडे नाहीत ना. तुझा पडदा छान आहे. तो आत्ता वाया घालवू नकोस."

बाहेर येऊन आयेशा पायरीवर बसली. "म्हाताऱ्याला काय काय बोल्लो मी," एवढंच म्हणाली.

आम्ही तशाच अण्णांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. आयेशा काही बोलायच्या आत तिच्या हातात एक खोका ठेवला. दोन दिवस दुकान बंद ठेवून माणूस कुठे गेला होता, तर मुंबईला! खोक्यात खेळाडूंचा जाड पट्ट्याचा गॉगल होता, न फुटणाऱ्या काचांचा. आणि त्या काचा तिच्या परवाच्या नंबराच्या. "ह्याला तुजं सर चष्मा म्हणू शकत न्हाईत," अण्णा म्हणाले. "म्हणालेच तर मी बघतो. मी काय मेलोय व्हय?"

सरांशी अण्णा काय बोलले मला ठाऊक नाही, पण आवाज गल्लीत येत होता. शेवटी सरांनी काचेवर स्वतः बॉल मारून बघितला आणि कबूल झाले.

निवडीच्या सामन्याला मी गेले होते! आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल पाहायला, छत्री आणि थर्मास घेऊन. आयेशा गोलमध्ये उभी राहिली आणि पोरांनी आरोळी ठोकली, "ए पाणबुडी! रंकाळ्याला जा की!" पहिल्या अर्ध्यात घामाच्या वाफेने गॉगल धुरकट झाला आणि एक साधा बॉल तिच्या हाताखालून आत गेला. मी डोळे मिटले. उघडले तर अण्णा शेजारच्या सीटवर नाहीत. मध्यंतरात ते गोलच्या मागे, जाळीला नाक लावून! खिशातून साबणाची वडी काढली, काचांना आतून कोरडाच साबण चोळला, धोतराच्या सोग्याने चकाचक पुसलं. "आता वाफ धरत न्हाई. जा!"

शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी. मारणारी मुलगी धावत आली, आयेशा डावीकडे झेपावली आणि नील, बॉल तिच्या बोटांना लागून खांबावर आदळला आणि बाहेर! मी उभी राहून ओरडत होते. काय ओरडत होते ते लिहिणार नाही. थर्मास कुठे गेला तो आजतागायत सापडला नाही.

तिची निवड झाली, राखीव गोलकीपर म्हणून. ती थोडी हिरमुसली. अण्णांनी दुकानात नेऊन तिला तोरणाच्या मधोमधचा रिकामा खिळा दाखवला, खाली नुसत्या नावाची चिठ्ठी. "ह्यो बी राखीव हाय. दोघं मिळून वाट बघा."

पुढे दर सहा महिन्यांनी ती यायची. पहिल्यांदा नंबर पुन्हा चढला, मग चढला पण थोडा, मग अगदी पावभर. मग एकदा रस्ताभर आवाज आला, "बरोबरी! दोन्ही डोळं जाग्याव!" सहा महिन्यांनी पुन्हा, "बरोबरी!" एरवी बरोबरीत सुटलेल्या मॅचला शिव्या देणारे अण्णा तेव्हा नाचायचे बाकी होते. नवी गिऱ्हाइकं विचारायची, हा खिळा मोकळा का? अण्णा सांगायचे, "मालकीण यायची हाय." तोवर तीही मुख्य गोलकीपर झाली होती, गॉगलसकट. पाणबुडी हे आता तिचं लाडकं नाव होतं, मैदानात तिच्या नावाने तसे फलक यायचे.

तिसऱ्या लागोपाठच्या बरोबरीनंतर डॉक्टरांनी तारीख दिली. या वेळी फॉर्म तिने स्वतः भरला, पूर उतरल्यानंतरची तारीख घालून. तिच्या लेझरनंतर काही महिन्यांनी अण्णांनी दुकान बंद केलं आणि ते तोरणासकट कुरुंदवाडला भावांकडे राहायला गेले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आतल्या भिंगात नंबर बसवलाय, आता लांबचं उघड्या डोळ्यांनी दिसतं, पण चष्म्याची सवय जाईना म्हणून नुसती चौकट घालून फिरतात. तेव्हा नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, तू तुझ्या डॉक्टरांना वयाच्या आधी मागच्या दोन वर्षांचे नंबर दाखव आणि मग मला फोन कर. मी वाट बघते.

आता तो दिवस सांगते आणि थांबते. लेझरला चार दिवस झाले होते. आयेशा काळा गॉगल लावून दुकानात आली, हातात तो खेळाचा गॉगल. अण्णांनी पेढ्यांचा डबा उघडला. जून नव्हता, जानेवारी होता. पहिला पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "घ्या, बाई. आज समद्यांची तारीख खरी हाय."

मग चिठ्ठी काढली, नावाखाली नंबर लिहिला आणि पेन थांबलं. "वय?"

"कागदावर एकवीस, दादीच्या तोंडी वीस," आयेशा म्हणाली. "कुठलं लिवणार?"

अण्णांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, पाठ फिरवून काहीतरी लिहिलं, स्टुलावर चढून गॉगल लटकवला आणि ओरडले, "जा, पलीकडच्या फुटपाथवर जा! तितनं वाच!"

ती रस्ता ओलांडून गेली. रिक्षा, मोटारसायकली, मध्येच एक बस. बस गेली आणि तिने काळा गॉगल कपाळावर सरकवला. त्या तोरणाकडे जन्मभर चष्म्यातून बघणारी पोर आता उघड्या डोळ्यांनी, रस्त्यापलीकडून, वीतभर चिठ्ठी वाचत होती.

"आयेशा!" ती ओरडली. "उजवा साडेचार! डावा चार! वय—"

आणि ती हसायलाच लागली. मग रडायला. मग पुन्हा हसायला.

"वाच की गं!" अण्णा स्टुलावरून गरजले. "दिसंना काय?"

"दिसतंय की, अण्णा! वय, पुरेसं!"